एका वाक्यात संपणारा सिनेमा

त्या सिनेमांतला बर्फ खोटा असतो, याबद्दल माझी काही तक्रार नाही. जन्मभर बर्फ फक्त उसाच्या रसात आणि मासळीवाल्याच्या पेटीत बघितलेल्या बाईने त्याच्या खरेखोटेपणावर बोलू नये, एवढं मला कळतं. माझी तक्रार कपाबद्दल आहे. नायिकेच्या हातात कायम एक मोठा कॉफीचा कप असतो आणि तो रिकामा असतो. भरलेला कप कुणी असा धरतच नाही. ती तो घेऊन गर्रकन वळते, हातवारे करते, नायकावर जाऊन आदळते, आणि थेंब म्हणून सांडत नाही. ज्यांना कपात चार घोट पाणीसुद्धा ओतावंसं वाटत नाही, त्यांनी मला प्रेमाबद्दल काय शिकवायचं? हे मी दर वेळी मोठ्याने म्हणते आणि दर वेळी मला गप्प बसवलं जातं.

गप्प बसवतात ते आमचे हे. सिनेमे त्यांचे आहेत. मी बघत नाही, मी समोर बसून भाजी निवडते. टीव्हीसाठीच काढलेले परदेशी प्रेमाचे सिनेमे एका चॅनलवर मराठीत डब करून लावतात. ते थिएटरात कधी लागलेले नसतात, आणि का लागले नाहीत ते पाच मिनिटांत समजतं. एरवी रविवारी एखादा असतो. दिवाळी सरली की रोज संध्याकाळी असतो, आणि नाताळ जवळ आला की दिवसभर दुसरं काही नसतंच.

आता हे म्हणजे कोण, तर कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत जन्मलेला, पेठेच्या टीमकडून बॅकला फुटबॉल खेळलेला, झुबकेदार मिशांचा माणूस. उद्यमनगरात त्यांचा लेथचा कारखाना आहे. सगळं आयुष्य मशीनच्या आवाजात गेल्यामुळे त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून टीव्ही मोठा, बोलणं मोठं, आणि फोन कायम स्पीकरवर. रक्तदाब वाढल्यापासून दुपारनंतरचं काम भाच्यावर सोपवून ते घरी बसतात, आणि तेव्हापासून त्यांना हा नाद लागला. पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांना धार लागलेली बघितली तेव्हा मला वाटलं, लेथवरचा कीस डोळ्यात गेला. मी धावत जाऊन पाणी आणलं. तर म्हणाले, "काय न्हाय गं. ती पोरगी घरला परत आली."

ती पोरगी दर सिनेमात घरला परत येते. मोठ्या शहरात तिची चांगली नोकरी असते. मग गावाकडून निरोप येतो की आजीची बेकरी बंद पडायला आली आहे. ही टाचांचे बूट घालून गावात येते आणि पहिल्याच चौकात घसरते. सावरायला एक सुतार हजर असतो. गावात एवढी माणसं असताना सुतारच कसा हजर असतो, आणि त्याला दिवसभर दुसरं काम कसं नसतं, हे विचारायचं नाही. मग दोघं मिळून दिवे लावतात, झाड सजवतात, बिस्किटं करतात. बेकरी बुडायला आलेली आहे, पण सबंध सिनेमात कुणी पीठ मळताना दिसत नाही. गालाला थोडं पीठ लागलेलं असतं, तेवढंच. पीठ मळणाऱ्या बाईच्या गालाला पीठ लागत नाही, कोपरापर्यंत लागतं. माझी आई असती तर म्हणाली असती, कशात काय आणि फाटक्यात पाय.

डबिंग तर विचारूच नका. नायिकेला, तिच्या आईला आणि शेजारच्या लहान मुलीला एकच बाई आवाज देते. आजीचा आवाज काढायचा झाला की आधी खोकते. आणि बोलतात काय, तर "आई गं, आपल्या गावातलं नाताळचं चैतन्य हरवलं तर नाही ना?" आमच्या गल्लीत कुणी असं बोललं असतं तर त्याला लिंबूपाणी दिलं असतं.

आपल्या लोकांनी काढलेले सणाचे सिनेमे तरी बरे असतील म्हणावं, तर तेही तसलेच. दिवाळीला मराठी चॅनलवर लागतात ना. सून भरजरी पैठणी नेसून, केस मोकळे सोडून, चकल्या तळते. उकळत्या तेलापुढे मोकळे केस! आणि परदेशी गेलेला मुलगा बरोबर लक्ष्मीपूजनाच्या घंटेला दारात उभा राहतो. त्याला ना ट्रॅफिक लागत, ना त्याची बॅग हरवत. सगळे रडतात, फराळाचं ताट पुढे येतं, आणि त्यातलं कुणी काही खात नाही.

पण खरा संताप येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. मी नोकरीभर शाळेत गणित शिकवलं. उत्तर पहिल्या ओळीत दिसत असताना पानभर खरडणारी पोरं बघितली की माझं डोकं फिरायचं. हे सिनेमे सगळे तसेच आहेत. शेवटच्या अर्ध्या तासात गैरसमज होतो. नायिका फोनवर काहीतरी बोलत असते, त्यातलं अर्धं सुताराच्या कानावर पडतं, आणि त्याला वाटतं ही चालली शहरात परत. बास. तो तोंड पाडून लाकडं फोडत बसतो, ती खिडकीत बसून रिकाम्या कपातून कॉफी पिते. एका वाक्याचं काम असतं. "तू चालली आहेस का?" एवढं त्याने विचारलं की सिनेमा संपला. पण कुणी विचारत नाही. मी समोर मेथीच्या काड्या मोडत ओरडते, "अरे विचार की तिला!" आणि हे डोळे पुसत म्हणतात, "तू गप. त्याच्या मनाचं तुला काय कळतंय?"

यांचा स्वतःचा राग मात्र भलत्यावरच असायचा. प्रत्येक सिनेमात नायिकेचा एक शहरातला होणारा नवरा असतो. कोट घातलेला, कानाला फोन लावलेला, सारखी मीटिंग असलेला. शेवटी तो कटवायचा असतो म्हणून पहिल्यापासून त्याला वाईट दाखवतात. मला बिचाऱ्याची दया येते. सबंध सिनेमात काम करणारा तो एकटाच असतो. पण तो पडद्यावर आला रे आला की हे उठून बसायचे. "आलं बघ फोनवालं! हाकला त्याला! ह्ये कसलं पोरगी सांभाळणार?" गल्लीतून जाणारी माणसं थबकून आत बघायची.

हे ओरडणं मी खरं धरलं, तिथे सगळं बिघडलं.

आम्हाला एकच मुलगी. पुण्यात कंपनीत आहे. यंदा दिवाळीच्या आधी तिचा मला फोन आला. म्हणाली, "मम्मी, दिवाळीला एका मित्राला घेऊन येतेय." मी विचारलं, नुसता मित्र? ती हसली. मग सगळं सांगितलं. मुलगा नागपूरचा, तिच्याच कंपनीत, स्वभावाने शांत. दोघांचं ठरलेलं आहे. "पण पप्पांना एवढ्यात काही सांगू नकोस. आधी बघू देत त्याला." मलाही ते पटलं. यांचं वर्षानुवर्षं एकच पालुपद होतं, पोरगी द्यायची तर पंचगंगेच्या आसपास, चपला घालून चालत जाता आलं पाहिजे. आणि हा तर नागपूरचा. त्यात दिवसभर कानाला फोन.

आता एक शब्द समजावून सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पावणं. पाहुणे म्हणजे पावणं, हे झालं साधं. पण आमच्याकडे पावणं म्हणजे सोयरेही. मुलगी बघायला येतात ते पावणं, सोयरीक जुळली की व्याही पावणं, आणि जावई तर पावणंच. शिवाय ज्याचं नाव माहीत नाही असा कुठलाही माणूस पावणं. "ओ पावणं, गाडी जरा पुढं घ्या की." यांच्या तोंडात तर हा शब्द पानासारखा कायम. रिक्षावाला पावणं, बँकेतला मॅनेजर पावणं. दवाखान्यात सुई घेऊन आलेल्या डॉक्टरला म्हणाले, "पावणं, जरा दमानं." आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत एक बोका येतो, त्यालाही पावणंच.

मुलीने त्या मुलाला येताना गाडीत थट्टेने सांगितलं होतं की आमच्याकडे जावयाला पावणं म्हणतात. अर्धीच गोष्ट सांगितली. उरलेली अर्धी तिला सांगण्यासारखी वाटली नाही, कारण ती तिला श्वासासारखी माहीत होती.

पहिल्या आंघोळीच्या आदल्या दिवशी दोघं आली. हे दारातच उभे होते. मुलगा चपला काढतोय तोवर यांनी गल्लीभर ऐकू जाईल असा आवाज लावला. "या पावणं, या! बसा की. परवास कसा झाला?" त्या मुलाचा चेहरा असा उजळला की मलाही नवल वाटलं. त्याने वाकून नमस्कार केला. मला वाटलं, चांगले संस्कार आहेत.

मग ते दिवस छान गेले. म्हणजे मला वाटलं, छान चाललेत. मुलगा यांच्या मागेमागे असायचा. यांनी त्याला उद्यमनगरात नेऊन सुट्टीमुळे बंद असलेला कारखाना उघडून लेथ दाखवला. मध्येच त्याचा फोन वाजायचा, तो बाजूला जाऊन बोलायचा, आणि मी यांच्या तोंडाकडे बघायची. आता ओरडतात की काय, हाकला त्याला म्हणून. ते काही बोलले नाहीत. मी त्याचा अर्थ लावला की पाहुण्यासमोर गिळून बसलेत.

भाऊबीजेच्या सकाळी तो मुलगा स्वयंपाकघरात आला. मुलगी लसूण सोलत होती, मी खोबरं भाजत होते. हा ओट्याला टेकून म्हणाला, "काकू, मी उगाच घाबरून राहिलो होतो ना. काकांनी तर पहिल्याच दिवशी मला मान्य केलं."

मी विचारलं, "कधी? मला तर काही बोलले नाहीत."

"पावणं म्हणाले ना मला. दारातच."

मुलीने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. आणि आम्ही दोघी हसत सुटलो. थांबताच येईना. खोबरं करपलं तरी हसतोय. "अरे," ती म्हणाली, "पप्पा सगळ्यांनाच पावणं म्हणतात. कुरिअरवाल्यालासुद्धा!" आणि नशीब बघा, तेवढ्यात बाहेर घंटागाडीवाला दिवाळीचं पोस्त मागायला आला, आणि यांचा आवाज आला, "या पावणं! लाडू खावा की आधी." आम्हाला हसायला आणखी जोर आला. मी तर ओट्यावर डोकं टेकलं.

डोकं वर केलं तेव्हा तो हसत नव्हता. चेहऱ्यावरचं सगळं उतरलं होतं. "अच्छा," म्हणाला, आणि बाहेर गेला. मुलगी मागे गेली. हे तोवर पिशवी घेऊन मटणाला गेले होते. भाऊबीजेची रांग म्हणजे तुम्हाला माहीतच आहे, आणि हे स्वतः उभं राहून, हाड कुठलं आणि तुकडा कुठला ते बघून घेणारे. ते येईपर्यंत तो मुलगा बॅग भरून निघालासुद्धा. मला म्हणाला, "अर्जंट काम आलं, काकू. काकांना सांगाल." फोन कानाला लावलेलाच होता. नक्की कुणी पलीकडे होतं की नाही, देव जाणे.

हे पिशवी घेऊन आत आले. "पावणं कुठायत?"

मी म्हटलं, "गेला. काम आलं त्याला."

"न जेवता?"

"हो."

त्यांनी पिशवी ओट्यावर ठेवली, हात धुतले आणि टीव्ही लावला.  जेवले तेही दोनच घास. मी मनात म्हटलं, सुटलो असं वाटत असणार यांना. फोनवाला गेला.

त्यानंतरचे दिवस आठवले तरी माझं डोकं तापतं. मुलगी सुट्टी संपवून पुण्याला गेली. तिचे मला फोन यायचे, रडून नाक बंद झालेल्या आवाजात. तो नीट बोलत नाही. तो म्हणतो, तुम्ही मायलेकी माझ्यावर हसलात. तो म्हणतो, तुझ्या वडिलांसाठी मी आणि घंटागाडीवाला सारखेच. मग एके दिवशी म्हणाली की त्याच्या घरी नागपूरला मुली बघायचं चाललं आहे आणि तो नको म्हणत नाहीये. "तू पप्पांना विचार ना एकदा, त्यांना तो कसा वाटला." मी म्हटलं, तूच विचार. ती म्हणाली, "ते सरळ नाही म्हणाले तर? मग तर सगळंच संपलं."

मी विचारलं नाही. मी काय विचारणार? माणूस दिवाळीपासून तोंडाला कुलूप लावून बसलेला. गोळ्या वेळेवर घेत होते, कारखान्यात जात होते, पण घरात आवाज नाही. खिडकीत बोका आला तर त्याच्याशीही बोलेनात. वर ते सिनेमे. रोज संध्याकाळी बर्फ, रोज घंटा, रोज रिकामे कप. आणि नवीन गोष्ट म्हणजे, तो फोनवाला पडद्यावर आला तरी हे गप्प. मी त्याचाही अर्थ लावला. म्हटलं, आता खऱ्याला हाकलून झालं, खोट्याला कशाला ओरडतील. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मीच पाळला होता.

मला राग कुणाचा येत होता, हेही धड सांगता येईना. मुलीचा येत होता, शिकलीसवरलेली आणि बापाला घाबरते. त्या मुलाचा येत होता, एवढं काय मनाला लावून घ्यायचं. यांचा तर सगळ्यात जास्त. परक्या देशातल्या बेकरीसाठी अश्रू आहेत, स्वतःच्या पोरीसाठी नाहीत. आणि या सगळ्यांचा राग मी मेथीवर काढत होते. वड्याचं तेल वांग्यावर.

मग एका रविवारी संध्याकाळी सिनेमा शेवटाला आला होता. सुतार लाकडं फोडत होता. ती खिडकीत होती. हे रुमाल घेऊन तयार. आणि मला काय झालं कोण जाणे, मी भाजीचं ताट बाजूला सारलं आणि टीव्हीसमोर जाऊन उभी राहिले.

"सर गं बाजूला," हे म्हणाले. "शेवट हाय."

"शेवट मी सांगते. तो तिला विचारतो आणि ती हो म्हणते. आता तुम्ही मला सांगा, तुमच्या पोरीने आणलेला मुलगा तुम्हाला का नको?"

"कोण पोरगा?"

"तोच! दिवाळीला आलेला! तिला लग्न करायचंय त्याच्याशी. आणि तुम्ही इथे बसून या बर्फात रडताय!"

बोलून टाकलं.   यांनी रिमोट उचलून आवाज बंद केला. हे त्यांनी शेवट चालू असताना कधी केलं नव्हतं.

"मला नको?" म्हणाले. "मला नको कोण म्हटलं? पावणंच न जेवता उठून गेलं. मला वाटलं आमचं घर पसंत पडलं न्हाय. लेथवाल्याचं घर हाय, पेठंतलं. तेची कंपनी मोठी. म्हटलं, असंल बाबा."

"अहो, पण तुम्हाला तो कोण हे माहीत तरी होतं का?"

"दिवाळीच्या सणाला पोरगी पोराला घरात घेऊन येती, ती काय लसूण सोलायला आणती व्हय? एवढं सिनेमं बघतोय, तेवढंबी कळंना का मला?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो की! सगळ्या गल्लीच्या देखत बोललो. दारातच पावणं म्हटलं तेला."

मला रडू की ओरडू ते कळेना. मी ओरडले. "तुम्ही बोक्यालासुद्धा पावणं म्हणता, घंटागाडीवाल्यालासुद्धा! हेच सांगून आम्ही दोघी त्याच्यासमोर हसलो, म्हणून गेला तो!"

हे उभे राहिले. बॅकला खेळायचे तेव्हा असेच उभे राहत असणार. "बोक्याला पयल्या आंघोळीला पाट मांडलाता व्हय मी? नवा टॉवेल काढलाता? बोक्यासाठी मटणाच्या लायनीत उभा ऱ्हायलतो? सुट्टीचा कारखाना उघडून घंटागाडीवाल्याला लेथ दावला व्हय? शबुद एकच असतोय. कुणाला म्हणतोय ते बघाय नको?"

पाट. मी तो पाट बघितला होता. भोवती रांगोळीची रेघ होती, वाकडीतिकडी, आणि मला वाटलं मुलीनेच काढली असेल. यांना वाकायला त्रास होतो, तरी ती यांनीच काढली होती. एवढी वर्षं या माणसाबरोबर राहून, त्याच्या तोंडचा शब्द मी ओळखते म्हणून मी हसले, आणि ज्याला आमची बोली येत नव्हती त्या परक्या पोराने तो बरोबर ऐकला होता.

"आणि ते ओरडणं?" मी म्हटलं. "फोनवाल्याला हाकला, फोनवाल्याला हाकला?"

"आगं, सिनेमातल्याला शिव्या दिल्या म्हणून खऱ्या माणसाला देतोय व्हय मी?" त्यांचा आवाज एकदम खाली आला. "हसलासा व्हय दोघी तेला?"

मी मान हलवली. मला फार वाईट वाटलं, आणि तेवढाच रागही आला, कारण या सगळ्याला एक वाक्य पुरलं असतं. कुणाचंही. माझं, मुलीचं, त्या मुलाचं, यांचं. चार शिकलेली माणसं आणि एकालाही एक वाक्य जमलं नाही. त्या सिनेमावाल्यांना मी आता काय तोंडाने बोलणार होते?

"नंबर दे तेचा," हे म्हणाले.

मी मुलीला न विचारता नंबर लावून दिला. फोन नेहमीसारखा स्पीकरवर. रिंग वाजत होती आणि मागे पडद्यावर आवाज नसलेला बर्फ पडत होता.

"हॅलो?" मुलगा म्हणाला.

"पावणं, मी बोलतोय. कोल्हापूरनं."

 "हां काका. नमस्कार." बँकेतून आलेल्या फोनला माणूस बोलतो तसं, सभ्य आणि कोरडं.

यांनी माझ्याकडे बघितलं.  तो शब्द आता चालत नव्हता. आम्ही दोघींनी हसून हसून त्याचं मोल घालवलं होतं, आणि या माणसाकडे दुसरा शब्द नव्हता. त्यांनी मिशीवरून हात फिरवला.  मी खुणेने सांगणार होते, पण काय सांगायचं ते मलाही सुचेना. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. मग हे खाकरले आणि एवढ्या मोठ्याने बोलले की समोरच्या घरातली खिडकी उघडली.

"जावईबापू," ते म्हणाले, "भाऊबीजंचं जेवण ऱ्हायलंय तुमचं. या की."

 यांनी फोन कानाजवळ नेला, पुन्हा लांब धरला. मग त्या मुलाचा आवाज आला, जपून, एकदा चटका बसलेल्या माणसाचा.

"काका, जावईबापू पण सगळ्यांनाच म्हणता का तुम्ही?"

यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि टीव्हीकडे त्यांची पाठ होती.

"न्हाय ओ," ते म्हणाले. "पोरगी एकच हाय मला."